आधी पिशवी शिवा, मग गेम हातात द्या

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या चष्म्याच्या दुकानात चष्मा नको असलेली गिऱ्हाइकं येऊ लागतात. सोबत आई किंवा बाबा, आणि हातात खेळायचं छोटं यंत्र. कुणाचं निन्टेन्डो स्विच, कुणाचं मामाकडून आलेलं जुनं पीएसपी, क्वचित एखादं स्टीम डेक. प्रश्न ठरलेला असतो : "ताई, हा ओरखडा निघेल का?" साताऱ्यात मोती चौकाजवळचं हे दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं. भिंग घासणं, फ्रेममध्ये बसवणं, बोटाच्या टोकानं ओरखड्याची खोली ओळखणं हे सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यामुळे लोकांना वाटतं, पारदर्शक वस्तूवरचं काहीही हिला घालवता येत असेल. मी तो पडदा दिव्याखाली तिरका धरून बघते आणि बहुतेकांना खरं ते सांगते. नाही निघणार.

माझं म्हणणं सरळ आहे. या यंत्रांच्या पडद्याचं रक्षण घरातल्या घरात, जवळजवळ फुकट करता येतं. पण ते यंत्र घरात आलं त्याच दिवशी करायला हवं, आणि ज्याचं यंत्र त्या मुलाच्या हातून व्हायला हवं. बाजारात मिळणारी चिकटवायची काच त्यानंतरची. आणि ओरखडा पडल्यावर करायचे म्हणून जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यातले बरेचसे सोडूनच द्यावेत.

ओरखडा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. ओरखडा हा पृष्ठभागावर बसलेला डाग नसतो. तिथलं प्लॅस्टिक किंवा काच खरवडून निघालेली असते आणि एक बारीक चर उरलेली असते. आतून येणारा उजेड त्या चरीपाशी सरळ न जाता विखुरतो, म्हणून ती रेघ चमकते. गडद रंगाचा खेळ असेल तर अधिकच. ती घालवायची म्हणजे आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग चरीच्या तळापर्यंत खाली घासत न्यायचा. सुट्ट्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर हे जमू शकतं. ज्याच्या खाली स्पर्श ओळखणारा थर आणि त्याखाली पडदा आहे, त्यावर जमत नाही.

पालक विचारतात म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. पडद्यावरच्या ओरखड्यामुळे मुलाचा चष्म्याचा नंबर वाढत नाही. डोळ्यांसाठी पडद्याचं अंतर आणि मधली विश्रांती महत्त्वाची. ओरखड्यानं बिघडतो तो खेळण्यातला आनंद आणि वस्तूची किंमत. पण महागाची वस्तू पहिल्याच महिन्यात जुनी दिसू लागली, तर मूल ती जपणंही सोडून देतं. मला काळजी त्याची वाटते.

हे ओरखडे पाडतं कोण? बहुतेकांचा संशय दप्तरातल्या किल्ल्यांवर आणि नाण्यांवर असतो. त्यांचा वाटा आहेच, पण मुख्य दोषी धूळ. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक मोजपट्टी मांडली. एकपासून दहापर्यंत, आणि वरच्या आकड्याचा पदार्थ खालच्यावर रेघ ओढतो. आपलं नख त्यावर अडीचच्या आसपास येतं, ॲक्रिलिकसारखं प्लॅस्टिक तीनच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचच्या. आता आपल्याकडची धूळ बघा. साताऱ्याचा डोंगर काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं सहाच्या आगेमागे येतात. गावोगावी जी बांधकामं चालू आहेत, त्यात वापरली जाणारी क्रशसँड याच कातळाचा चुरा असते. नदीच्या आणि समुद्राच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा आकडा सात. म्हणजे टेबलावर बसलेल्या साध्या धुळीत प्लॅस्टिकपेक्षा दुप्पट आकड्याचे, आणि काचेलाही भारी पडणारे कण असतात.

एवढ्यानं ओरखडा पडत नाही. कण नुसता बसून काही करत नाही. त्याच्यावर दाब आला आणि तो सरकला की काम होतं. हा दाब देतो आपणच. मूल शर्टाच्या टोकानं पडदा पुसतं, आई पदरानं पुसते, बाबा रुमालानं. माझ्याकडे येणाऱ्या चष्म्यांवरचे बहुतेक ओरखडे असेच पुसून पडलेले असतात. चष्मा खाली पडला तर फ्रेम वाकते, कधी भिंगाची कड उडते. पण मधोमध गोल-गोल बारीक जाळी दिसली की मला विचारावं लागत नाही. ते कोरडं पुसल्याचं काम. गेमच्या पडद्यावरही मला तीच जाळी दिसते.

आता हे पडदे कशाचे असतात ते पाहू, कारण उपाय त्यावर ठरतो. चष्म्याच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. काचेचं भिंग सहजी ओरखडत नाही, पण फुटतं. प्लॅस्टिकचं सहजी फुटत नाही, पण ओरखडतं. लहान मुलांना आम्ही काच देतच नाही, पॉलिकार्बोनेटसारखं न फुटणारं भिंग देतो. डोळ्यात तुकडा जाण्यापेक्षा ओरखडा परवडला. ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलेल्या पहिल्या स्विचचा ६.२ इंची पडदाही वरून प्लॅस्टिकचाच आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही. २०२१ साली ऑक्टोबरमध्ये ओलेड पडद्याचं ७ इंची स्विच आलं, त्यावर काच आहे. पण काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून कारखान्यातूनच त्यावर एक पातळ फिल्म चिकटवलेली येते. जून २०२५ मध्ये आलेल्या ७.९ इंची स्विच २ वरही तशीच फिल्म आहे. कंपनीनं सांगितलंय की ती काढू नका. नवी वस्तू आली की वरचं प्लॅस्टिक सोलायचा आपल्या सगळ्यांना सोस असतो. इथे तो आवरायला हवा. ती फिल्म म्हणजे पडद्याचाच भाग आहे, आणि ती काचेपेक्षा मऊ असल्यामुळे तिच्यावर ओरखडे पडतात. म्हणजे काचेचं यंत्र घेतलं म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

जुन्या यंत्रांची बांधणी पाहिली की मला एक गोष्ट जाणवते. २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचं गेम बॉय आलं. गुनपेई योकोई यांच्या विभागानं ते घडवलं. त्यात खरा पडदा आत असतो आणि त्यावर प्लॅस्टिकची एक वेगळी खिडकी चिकटवलेली असते. ती खराब झाली तर सोलून नवी लावता येते. आज इतक्या वर्षांनीही तशा खिडक्या विकत मिळतात आणि हौशी माणसं त्या घरी बदलतात. योकोई यांच्याच 'गेम अँड वॉच' मालिकेत १९८२ पासून दोन पडद्यांचे, पुस्तकासारखे मिटणारे खेळ आले. मिटले की पडदा आत. २००३ चं गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आणि २००४ चं डीएस हीदेखील मिटणारी यंत्रं होती. दप्तरात, खिशात, कुठेही टाका, पडद्याला बाहेरची वस्तू लागतच नव्हती.

मग पडदे मोठे होत गेले आणि झाकण गेलं. डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या सोनीच्या पीएसपीचा ४.३ इंची पडदा समोर उघडाच होता. सोनीलाही ते ठाऊक असावं, कारण त्याच्या 'व्हॅल्यू पॅक'मध्ये यंत्रासोबत एक मऊ पिशवी दिलेली होती. स्विच उघडं, २०२२ चं स्टीम डेक उघडं. पिशवी मात्र आता खोक्यात मिळेलच असं नाही, बहुधा वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. यंत्रातून जे झाकण काढून घेतलं गेलं, ते आता आपल्याला घरी तयार करायचं आहे. आणि झाकण म्हणजे पडद्याला चिकटून राहणारी वस्तू नव्हे. यंत्र वापरात नसताना पडद्यावर धूळ बसू न देणारी आणि बाहेरचा धक्का लागू न देणारी वस्तू म्हणजे झाकण. कापडी पिशवी हे काम उत्तम करते.

माझ्या मुलीच्या स्विचची पिशवी तिनं आणि माझ्या सासूबाईंनी मिळून शिवली. आतलं कापड सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचं, बाहेरचं जुन्या जीन्सचं, आणि मध्ये वाकळेसारखे दोन थर. नऊवारी निवडण्याला कारण आहे. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातली खळ पूर्ण गेलेली असते आणि ते मऊ पडलेलं असतं. नवं कोरं कापड खरखरीत लागतं आणि त्याचे तंतू सुटतात. जुनं फ्लॅनेल किंवा बाळाचं दुपटंही चालतं. जर, टिकल्या, भरतकाम असलेलं काहीही आत नको.

मापाचं सांगते. जॉयकॉन, म्हणजे दोन्ही बाजूंना लागणाऱ्या बटणांच्या मुठी, धरून पहिलं स्विच सुमारे २३९ मिलिमीटर लांब आणि १०२ मिलिमीटर रुंद असतं. अंगठ्याच्या दांड्यांपाशी त्याची जाडी २८ मिलिमीटरच्या थोडी वर जाते. ती जाडी धरली तर पिशवीची आतली जागा साधारण २८ सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर हवी. शिवणीसाठी चहूबाजूंनी दीड-दीड सेंटिमीटर सोडून कापड कापायचं. पडद्याच्या बाजूला बाहेरच्या आणि आतल्या कापडाच्या मध्ये जाड वहीचा पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे दप्तरात पुस्तकांचा दाब थेट पडद्यावर येत नाही. चेन लावायची नाही. चेनचे दात यंत्र आत-बाहेर करताना पडद्यावरून जातात. वरून पदरासारखं घडी पडणारं कापड घ्यायचं आणि मागच्या बाजूला नाडी किंवा कापडी बंद लावायचा. चार्जर, कार्ड, इअरफोन यांच्यासाठी बाहेरून वेगळा कप्पा. पडद्याच्या कप्प्यात यंत्राशिवाय काहीही जाणार नाही, हा नियम.

पिशवीचा दुसरा नियम स्वच्छतेचा. आठवड्यातून एकदा ती उलटी करून झटकायची आणि महिन्यातून एकदा धुवायची. पिशवीच्या तळाशी जमलेली माती म्हणजे पडद्यासाठी घासकागद. सुट्टीत गणपतीपुळ्याला किंवा काशीदला जाऊन आलात, तर घरी आल्यावर पिशवी आधी धुवा. किनाऱ्यावर यंत्र नेऊच नये हे उत्तम.

ज्यांना शिवणकाम जमत नाही त्यांच्यासाठी चष्म्याचं जुनं घर, चॉकलेटचा चपटा पत्र्याचा डबा, जाड पुठ्ठ्याचं खोकं, काहीही चालेल. आतून मऊ कापडाचं अस्तर मात्र हवं. एक पथ्य सांभाळा. आतली बाजू रेक्झिनची किंवा मऊ पीव्हीसीची नको. हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात. ती उन्हाळ्यात हळूहळू बाहेर येतात आणि दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटून डाग पाडतात. रेक्झिनच्या स्वस्त घरात वर्षभर राहिलेले चष्मे माझ्याकडे येतात, त्यांच्या फ्रेमवर असे धुरकट पट्टे असतात.

दुसरा उपाय पुसण्याच्या रीतीचा, आणि तो पूर्ण फुकट आहे. यंत्र बंद करायचं. आधी फुंकर, पण तोंडानं नव्हे, तोंडातून थुंकीचे थेंब उडतात. कॅमेरा किंवा घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात ती रबरी फुंकणी घ्यायची. नसेल तर मऊ, कोरडा, फक्त याच कामाचा ब्रश. धूळ उडाल्यावरच कापड लावायचं. मायक्रोफायबरचं फडकं फिल्टरच्या पाण्यात जेमतेम दमट करायचं आणि वरून खाली सरळ हात फिरवायचा. दाब नको, गोल घासणं नको. यंत्रावर थेट पाणी शिंपडायचं नाही. फडकं वेगळं धुवायचं, कपडे मऊ करायचं द्रावण त्याला लावायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी पडद्यावर तेलकट ओघळ उमटतात. चष्म्याबरोबर आम्ही जे लहान फडकं देतो ते या कामाला उत्तम. घरोघरी अशी फडकी कपाटात पडून असतात.

तिसरा उपाय स्विच टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी. त्याच्या डॉकमध्ये यंत्र वरून उभं सरकवावं लागतं. २०१७ पासून अनेक देशांतल्या खेळाडूंनी तक्रार केली आहे की तिरकं घातलं किंवा आत धूळ असली तर पडद्याच्या कडेवर रेघा उमटतात. यावर खेळणाऱ्यांनीच घरगुती तोड काढली. डॉकच्या आत ज्या उभ्या पट्ट्या पडद्याच्या कडेला टेकतात, त्यांच्यावर पातळ फेल्टचे अरुंद तुकडे चिकटवायचे. काहींनी डॉकवर घालायला कापडी मोजेच शिवले. फेल्ट पातळ हवं, नाहीतर खालची पिन पूर्ण बसत नाही. आणि हवा जायच्या फटी झाकल्या जाता कामा नयेत, यंत्राला उष्णता बाहेर टाकावी लागते. यंत्र घालताना दोन्ही हातांनी, सरळ, सावकाश.

चौथा उपाय पडद्यावर लावायच्या फिल्मचा. आपल्याकडे निन्टेन्डोची स्वतःची अधिकृत विक्री नाही. यंत्रं येतात ती आयात करणाऱ्या दुकानदारांकडून किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून. त्यामुळे तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात या मापाचं स्क्रीनगार्ड मिळेलच असं नाही, आणि पडदा बदलायची वेळ आली तर अधिकृत सेवा केंद्रही नाही. अशा वेळी टॅबलेटची मोठी, पातळ फिल्म घेऊन ती मापानं कापता येते. माप पडद्यावर पेन्सिल टेकवून घेऊ नका. कागदाच्या पट्ट्या कडेला लावून लांबी-रुंदी घ्या, कार्डपेपरचा नमुना कापून तो बसतो का पाहा, आणि नमुन्यापेक्षा चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर कमी ठेवून फिल्म कापा. कडेपर्यंत गेलेली फिल्म आधी उचकटते. लावायची जागा न्हाणीघर. गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर तिथली वाफ बरीचशी विरू द्यायची. ओलसर हवेत धूळ खाली बसलेली असते. फिल्मची एक बाजू कागदी चिकटपट्टीनं बिजागरीसारखी यंत्राच्या कडेला धरून ठेवायची, पडद्यावरचे उरलेसुरले कण चिकटपट्टीच्या टोकानं उचलायचे आणि मग फिल्म हळूहळू टेकवत न्यायची. बुडबुडे काढायला कापडात गुंडाळलेलं जुनं कार्ड पुरतं.

पडद्यावर सेलोटेप मात्र नको. वह्यांना घालायचं चिकट कव्हर आणि लॅमिनेशनचा कागदही नको. सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात वितळून पडद्यावर राहतो आणि तो काढण्यासाठी लोक जे रसायन लावतात त्यानं खरं नुकसान होतं. डीएससारख्या जुन्या यंत्रांवर लेखणीच्या दाबानं वरचा थर वाकून स्पर्श ओळखला जातो, तिथे जाड फिल्म लावली तर खेळच चालत नाही.

आता नको असलेल्या उपायांविषयी स्पष्ट बोलते, कारण घरगुती म्हटलं की निरुपद्रवी असा एक समज आहे. टूथपेस्टमध्ये खडूची पूड किंवा सिलिका असते. दातांवरचा थर घासण्यासाठीच ती घातलेली असते. पडद्यावर ती चोळली की एक खोल रेघ जरा फिकी होते आणि तिच्याभोवती शेकडो बारीक रेघांचा धूसर पट्टा तयार होतो. बोटांचे ठसे न धरणारा जो पातळ लेप असतो तोही निघतो. काचेवर तर खोल ओरखड्याला टूथपेस्ट काहीच करू शकत नाही. खाण्याच्या सोड्याचंही तेच. खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी आहे. तेल चरीत भरतं, आणि उजेड तेलातून जवळपास तसाच जातो जसा प्लॅस्टिकमधून जातो, म्हणून रेघ अदृश्य होते. लोक खूश होतात. पण पुढच्या पुसण्यात तेल जातं आणि तोवर त्यानं भोवतालची धूळ गोळा केलेली असते.

काच पुसायचे स्प्रे आणि स्पिरिट यांच्यापासून प्लॅस्टिकचे पडदे लांब ठेवा. ॲक्रिलिकवर अल्कोहोल किंवा अमोनिया लागला तर त्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उठू शकतं. ते ओरखड्यापेक्षा वाईट, कारण ते आतून असतं. जुन्या गेम बॉयची सुटी खिडकी असेल तर प्लॅस्टिकसाठी मिळणारं बारीक पॉलिश मऊ कापडानं लावून तिचं रूप बरंच सुधारता येतं. पण ती यंत्रावरून काढून, आणि ती बिघडली तर नवी मिळते हे माहीत असताना.

माझ्या मतावर आक्षेप येतात. पहिला असा, की एवढा खटाटोप कशाला, टेम्पर्ड ग्लास लावून मोकळे व्हा. मी टेम्पर्ड ग्लासच्या विरोधात नाही. यंत्र पालथं पडलं तर तिचा फायदा होतो. पण दुकानांत ती ज्या शब्दांत विकली जाते त्याला माझा विरोध आहे. खोक्यावर '९एच' लिहिलेलं असतं आणि मुलांना सांगितलं जातं की हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण. हा आकडा मोसच्या पट्टीवरचा नाही. तो पेन्सिलचा आहे. ९एच ही फार कठीण पेन्सिल, आणि तिनं रेघ उमटत नाही एवढाच त्याचा अर्थ. मोसच्या पट्टीवर नऊ म्हणजे माणिक आणि नीलम ज्याचे बनतात तो कुरुंद. टेम्पर्ड ग्लास शेवटी काचच आहे, आणि क्वार्ट्झचा कण तिलाही ओरखडतो. गिऱ्हाइकाला हे सांगणं दुकानदाराचं काम आहे. मी स्वतः दुकानदार आहे म्हणून हे ठामपणे म्हणते. शिवाय काच लावली की मूल निर्धास्त होतं, यंत्र उघडंच दप्तरात जातं आणि काचेच्या कडेला धूळ साठत राहते. पिशवीची आणि पुसण्याची सवय लागल्यानंतर काच लावा. सवयीच्या बदल्यात नको.

दुसरा आक्षेप असा, की खेळायची वस्तू आहे, ओरखडे पडायचेच. नव्वदच्या दशकात जत्रेतून आणलेला ब्रिक गेम आमच्या पिढीनं तसाच वापरला. त्याची खिडकी पांढरी पडली तरी कुणाला फिकीर नव्हती. पण तो खेळ स्वस्त होता आणि एका हातातच संपायचा. आजच्या यंत्राची किंमत कित्येक घरांत महिन्याच्या कमाईइतकी असते आणि ते धाकट्या भावंडाकडे, मावसभावाकडे, मग कुणा अनोळखी मुलाकडे जातं. नीट सांभाळलेलं यंत्र दहा-दहा वर्षं चालतं. त्या पुढच्या मुलाला स्वच्छ पडदा मिळणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानते.

तिसरा आक्षेप काही पालकांचा. मुलांनी हे खेळूच नये, मग पडदा जपायचा कशाला? किती खेळावं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. पण वस्तू घेतली असेल तर ती जपायला शिकवण्याची याहून चांगली संधी मला दिसत नाही. मूल आवडीच्या वस्तूसाठीच सुई-दोरा हातात घेतं. मोजमाप, कापणं, शिवणं, धूळ म्हणजे काय, प्लॅस्टिक आणि काच यांत फरक काय, हे सगळं एका दुपारी शिकून होतं. मुलग्यांनाही शिवायला बसवा. आमच्या गल्लीतल्या आठवीतल्या एका मुलानं स्वतःच्या यंत्रासाठी पिशवी शिवली आणि नंतर आजीच्या चष्म्यासाठीही.

सगळा भार घरावर टाकणंही बरोबर नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. हातात धरून खेळायची यंत्रं त्या यादीत ठळकपणे यायला हवीत. पडद्यावरचं पारदर्शक आवरण वेगळं काढता येणारं आणि सुटं मिळणारं असावं, अशी मागणी आपण ग्राहक म्हणून केली पाहिजे. १९८९ च्या यंत्रात जे साधलं होतं ते आज अशक्य नाही. आणि यंत्राच्या खोक्यात एक साधी कापडी पिशवी घालायला कंपन्यांना फार खर्च येणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर पालकांना माझी विनंती आहे. वाढदिवसाला किंवा दिवाळीला मुलासाठी असं यंत्र आणणार असाल, तर आदल्या दिवशी कपाटातली एक जुनी सुती साडी काढा. मुलाला बसवा, माप घ्यायला लावा, टाके घालायला लावा. पिशवी तयार झाली आणि पडदा कसा पुसायचा हे त्यानं तुम्हाला करून दाखवलं की मगच खोकं उघडा. ओरखडा घेऊन माझ्या दुकानात आलात, तर माझ्याजवळ उपाय नाही. ओरखडा पडण्याआधी आलात, तर चष्म्याबरोबर देतो ते फडकं मी तुमच्या मुलाला आनंदानं देईन, पैसे न घेता.